तयार चष्म्याला सूट, फिटिंगला मर्यादित परवाना: पटतं का?

शाहूपुरीकर:
काँटॅक्ट लेन्स विकायला वैद्यकीय उपकरणांची एमडी-42 नोंदणी लागते. पण काच घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्याच्या हाताची परीक्षा कुणीच घेत नाही. माझं म्हणणं असं: चष्म्याच्या दुकानांना परवाना लावायचाच असेल, तर +1 ते +3 पर्यंतच्या तयार वाचनाच्या चष्म्यांना पूर्ण सूट द्या. दुसऱ्याने काढलेल्या नंबरावर चष्मा करून देणाऱ्याला मर्यादित परवाना द्या. त्यात ±4 पर्यंतचाच नंबर, प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूर ते जवळ हळूहळू बदलणारा नंबर) नाही, 12 वर्षांखालचं मूल नाही. गारगोटी, शाहूवाडीला चार वर्षांची पदवी घेतलेला माणूस दुकानात बसणार आहे का?

लेन्समीटर:
पहिल्या सुटीलाच विरोध. तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर सारखा, सिलिंडर (एका ठरावीक दिशेतला वेगळा नंबर) नाही, काचांची केंद्रं ठरलेली. केंद्रांतलं अंतर 64 मिमी आणि वाचताना डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं 58 असेल, तर +2.50 ला प्रत्येक डोळ्यावर 0.75 प्रिझम (काच प्रकाश किती बाजूला वळवते त्याचं माप) येतो. दोन्ही मिळून दीड. अर्ध्या तासात कपाळ दुखतं आणि माणूस म्हणतो, 'नंबर वाढला.' शिवाय चाळिशीला जी डोळेतपासणी व्हायची, तीच टळते. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही हो.

शाहूपुरीकर:
प्रिझमचा हिशेब मान्य. काचबिंदूचं मात्र इथे आणू नका. नुसता नंबर काढून तो सापडत नाही. डोळ्याचा दाब आणि मागची नस बघावी लागते, ते दुकानात कोण करतो?

काच-कारागीर:
दोघंही वरवरचं बोलताय. खरी गफलत फिटिंगमध्येच होते. -6 ची काच 3 मिमी सरकली तर 1.8 प्रिझम. म्हणून ±4 ची मर्यादा मला बरोबर वाटते. पण नुसता आकडा लिहून काय उपयोग? परवान्याला तीन गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवायला लावा: प्रत्येक डोळ्याची पीडी (नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर) वेगळी मोजणं, फ्रेम चेहऱ्यावर बसवून मगच बायफोकलची (दूर-जवळच्या दोन भागांच्या काचेची) उंची घेणं, आणि तयार चष्मा गिऱ्हाइकाला देण्याआधी लेन्समीटर या नंबर मोजणाऱ्या यंत्राखाली पुन्हा तपासणं. टेबलावर पडलेल्या फ्रेमवर उंची घेणाऱ्याला परवाना नको.

राजारामपुरी:
जत्रेत, लग्नसराईत शून्य नंबरच्या रंगीत काँटॅक्ट लेन्सा मिळतात, त्याला 'सूट' म्हणायचं का? नंबर नसला तरी ती बुबुळावरच बसते. नळाच्या पाण्यात धुतली की अकांथअमीबाची (पाण्यातल्या एका सूक्ष्मजीवाची) लागण होऊ शकते. तिथे सूट नाही, मर्यादित परवानाही नाही.

शाहूपुरीकर:
एकदम मान्य. ते माझ्या प्रस्तावात नव्हतंच.

लेन्समीटर:
मग हे सांगा. गिऱ्हाईक जुना चष्मा आणतं, 'अस्साच करून द्या' म्हणतं. कारागीर लेन्समीटरवर नंबर वाचून तसाच करून देतो. हे फिटिंग की नंबर काढणं? सिलिंडरचा अक्ष (त्याची दिशा) 10 अंशांनी हुकला तर सिलिंडरच्या साधारण एक तृतीयांश इतका दोष पुन्हा डोळ्यात उरतो, आणि मूळ चष्माच दहा वर्षांचा असेल तर?

काच-कारागीर:
त्याला तारखेची अट घाला. दोन वर्षांच्या आतला नंबराचा कागद असेल तर करा, नाहीतर आधी तपासून या म्हणा. दोनपैकी एकच काच तुटली आणि तीच बदलायची असेल, तर तेवढी सवलत.