स्पा दरवर्षी का नाही?

प्रश्न: बेल्जियमचं स्पा २०२८ आणि २०३० ला फॉर्म्युला वन कार शर्यतींच्या कॅलेंडरवर नसणार, हे वाचल्यापासून चैन नाही. ७.००४ किलोमीटर, मोसमातला सर्वांत लांब ट्रॅक! एका टोकाला पाऊस, दुसऱ्याला कोरडं. कोणते टायर लावायचे यातच संघांची परीक्षा. असा ट्रॅक वर्षाआड?

उत्तर १: धोकाही बघा. २०१९ मध्ये स्पाच्या राडियों वळणाजवळ फॉर्म्युला टूचा ड्रायव्हर आंत्वान उबेअर अपघातात गेला.

प्रश्नकर्ता: तो दिवस विसरणार नाही. म्हणूनच २०२२ आधी तिथं रनऑफ (ट्रॅकबाहेर घसरलेल्या गाडीसाठीची मोकळी जागा) वाढवले, खडी टाकली. दुरुस्ती करा, पण काढू नका.

उत्तर २: आपलं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट?

प्रश्नकर्ता: २०११ ला पुण्याहून गेलो होतो. इंजिनं छातीत घुमत होती. तीनच शर्यती झाल्या, तिन्ही जर्मन ड्रायव्हर सेबास्टियन फेटेलनं जिंकल्या. तेही परत यायलाच हवं. पण आधी स्पा.