दोन चेतापेशींची आळीपाळी एक्सेलमध्ये: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. प्रतिक्षिप्त क्रियेची आकृती सगळ्यांना पाठ असते: त्वचा, संवेदी चेतापेशी, मेरुरज्जू, प्रेरक चेतापेशी, स्नायू. बाण एकाच दिशेने जातात, त्यामुळे चेतासंस्थेचं काम फक्त निरोप पोचवणं एवढंच मुलांच्या डोक्यात बसतं. कुठल्याच एका पेशीत नसलेली लय दोन पेशींच्या जोडणीतून निघू शकते, हे त्यांना डोळ्यांनी दिसावं अशी माझी फार इच्छा आहे.

उदाहरण शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रॅहम ब्राउन यांच्या १९११ सालच्या प्रयोगाचं घेतलंय. मांजराचा मेरुरज्जू मेंदूपासून तोडला, पायाकडून येणाऱ्या संवेदी नसाही कापल्या. तरी नडगीपुढचा आणि पोटरीचा स्नायू आळीपाळीने आखडत राहिले. त्यांचं म्हणणं असं की मेरुरज्जूतले चेतापेशींचे दोन गट एकमेकांना दाबतात. चालू असलेला गट थकला की दुसरा उठतो.

हेच एक्सेलमध्ये मांडलंय. दोन पेशी, दोघींना बाहेरून सारखीच चेतना (१), एकमेकींना दाबायचं प्रमाण २.५. पातळी शून्याखाली गेली की ती पेशी गप्प. सुरुवातीला एकीचा आकडा किंचित जास्त द्यावा लागतो, नाहीतर दोघी शेवटपर्यंत जुळ्यांसारख्या वागतात. थकवा शून्य ठेवला तर पुढे असलेली पेशी कायमची जिंकते. थकव्याचा कॉलम घातला (प्रमाण २.५, पेशीचा कालस्थिरांक, म्हणजे बदल किती सावकाश होतो त्याचं माप, ०.१ सेकंद, थकव्याचा १ सेकंद) की आलेखात सुरेख आळीपाळी सुरू होते. इथवर उत्तम चाललंय.

अडलंय ते जळवेपाशी. जळवेच्या हृदयाचे ठोके चालवणाऱ्या चेतापेशींच्या जोड्याही एकमेकींना दाबतात, पण तिथे दबलेली पेशी नुसती वाट बघत बसत नाही. तिचा विद्युतदाब खाली गेला की तिच्यातले काही आयन चॅनल (पेशीपटलातली आयन आत-बाहेर सोडणारी दारं) हळूहळू उघडतात आणि ती स्वतःच वर येते. म्हणजे पाळी बदलायची सुरुवात दबलेलीकडून होते. माझ्या मांडणीत ती चालू असलेलीच्या थकव्यातून होते.

१. हे हळू उघडणारं चॅनल एकाच जादा कॉलममध्ये कसं बसवता येईल? पूर्ण हॉजकिन-हक्सले समीकरणं (चेतापेशीतल्या आयन प्रवाहांचं सविस्तर गणित) नकोत, मुलं तिथेच गळतील.

२. पाळी कोणी बदलली, थकलेलीने की उसळलेलीने, हे नुसत्या आलेखावरून ओळखता येतं का? बाहेरची चेतना कमी-जास्त करून पाहिली तर दोन्ही प्रकारांत फरक दिसेल असं वाटतं; नेमका कोणता, ते कोणी समजावून सांगेल का? मला सगळ्यात जास्त गरज याच उत्तराची आहे, कारण मुलं पहिल्यांदा हेच विचारणार.

शरीरक्रियाशास्त्र किंवा संगणकीय मॉडेलिंगवाल्यांनी कृपया लिहावं. कॉलेजच्या लॅबमध्ये फक्त एक्सेल आहे, पायथॉन टाकता येत नाही, तेवढं लक्षात घ्या.