मदत हवी आहे : चकमकीच्या बंदुकीचा चाप ठिणगी धरत नाही

नमस्कार मंडळी. आमच्या गिरगावच्या घरात पणजोबांची चकमकीची बंदूक भिंतीवर आहे. नळी कायमची बुजवलेली, बार भरायचा नाहीच. चाप (ठिणगी पाडणारी कळ) तेवढा पूर्वीसारखा चालावा, एवढीच मनापासून इच्छा.

घोडा जोरात पडतो, कमान शाबूत आहे. पण गार (घोड्यात बसवलेला चकमकीचा दगड) पोलादी पात्यावर आपटली की दोन-तीन मळकट लाल ठिणग्या उडतात, त्याही रंजकाच्या (बार पेटवणाऱ्या दारूच्या) खळग्यात पोचण्याआधीच विझतात. गार चामड्यात घट्ट आवळली, उलटीही बसवून पाहिली. पात्यावर खोल चरे आहेत आणि कानस सहज चावते, म्हणजे वरचा कडक थर झिजलाय.

कोळशाच्या भुकटीत, बंद डब्यात लाल तापवून पात्याला पाणी देणारा कारागीर मुंबईतल्या नागदेवी किंवा लोहार चाळीच्या बाजाराकडे आहे का? की वर नवी पोलादी पट्टी रिव्हेट करावी? मूळ पातं तडकेल याची फार भीती वाटते.