ट्रेनिंग होतं, हजेरी भरते, पण मशीनवर फरक का दिसत नाही?

सातपूर_क्वालिटी: सीएनसी टर्निंग शॉप (संगणकावर चालणाऱ्या लेथचं) आहे, तीन शिफ्ट. दर आठवड्याला कॉन्फरन्स रूममध्ये दोन तास ट्रेनिंग, शेवटी चाचणी, सगळे पास. तरी ऑफसेट (टूलच्या जागेची मशीनमध्ये टाकायची दुरुस्ती) चुकून बोअर (आतलं भोक) मोठा होतो आणि पीस भंगारात जातो. चांगलं ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय करायचं?

जुना_सेटर: ऑफसेट हॉलमध्ये शिकवून येत नाही, मशीनपाशीच यायला हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा कार्यक्रम झाला, त्यातली जॉब इन्स्ट्रक्शनची पद्धत वापरा. एका कागदावर तीन रकाने: काय करायचं, कशाला जपायचं, का जपायचं.

तुमचंच उदाहरण. बोअर 0.02 मिमी लहान आला, म्हणून एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूल झिजल्याच्या दुरुस्तीत, 0.02 वाढवायचं. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर '+इनपुट' दाबलं की आधीच्या आकड्यात भर पडते. नुसतं 'इनपुट' दाबलं की जुना आकडा जाऊन नवा बसतो. आधी तिथे -0.08 असेल तर बोअर 0.02 ऐवजी 0.10 ने वाढतो. बाहेरचा व्यास मोठा राहिला तर पुन्हा कट घेता येतो, मोठ्या झालेल्या बोअरला इलाज नाही. हे 'का' माहीत असलेला माणूस बटण दाबण्याआधी स्क्रीनवरचा जुना आकडा वाचतो.

मग शिकणाऱ्याकडून चार वेळा करून घ्या: आधी गप्प, मग काय करतोय ते बोलत, मग कशाला जपतोय ते, शेवटी कारणासकट. "समजलं का?" असं विचारू नका, मान हलतेच.

अंबड_लाइन: वरचं सगळं बरोबर, पण शिकवणाऱ्या सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) त्या वेळेचं टार्गेट माफ आहे का? नसेल तर तो ऑफसेट स्वतःच टाकून मोकळा होणार, आणि पोरगा नुसता बघत राहणार.

स्किल मॅट्रिक्सही (कोणाला कोणतं काम किती येतं त्याचा तक्ता) तपासा. पाव वर्तुळ म्हणजे शिकतोय, अर्धं म्हणजे देखरेखीखाली करतो, पाऊण म्हणजे एकट्याने, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. बऱ्याच ठिकाणी हा तक्ता ऑडिटच्या आदल्या दिवशी रंगवतात. सेटर आणि क्वालिटी, दोघांनी काम बघून सही केल्याशिवाय वर्तुळ पुढे भरू नका. चाचणीचे मार्क त्यात धरूच नका.

सातपूर_क्वालिटी: तिसऱ्या शिफ्टला पूर्ण वर्तुळवाला एकही नाही. तिथे अप्रेंटिसही आहेत.

जुना_सेटर: मग रात्रीचं रिजेक्शन वेगळं काढून बघा. तोवर रात्री नवीन सेटिंग लावू नका, दिवसा मंजूर झालेलाच जॉब चालवा. 30 किंवा जास्त माणसं असली की अप्रेंटिस घेणं बंधनकारकच आहे, पण त्यांना नुसतं लोडिंग-अनलोडिंगला लावलं तर मुदत संपेपर्यंत ते तेवढंच शिकतात. त्यांचं पहिलं पाव वर्तुळ बोअर गेजपासून (भोक मोजायच्या साधनापासून) सुरू करा. माप चुकलं तर ऑफसेट बरोबर टाकूनही पीस जातो.

अंबड_लाइन: आणि मशीनवर ऑफसेटची वही टांगा: वेळ, टूल नंबर, जुना आकडा, नवा आकडा, कारण. हजेरीपटापेक्षा ती वही जास्त सांगेल.