तारकर्लीसाठी सेल्फ ड्राइव्ह गाडी, ॲव्हरेज बघून घ्यावी का?

धायरीकरीण
नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये पुण्याहून तारकर्लीला जायचंय, आम्ही चार मोठे आणि एक पोरगा, स्वतःची गाडी नाही म्हणून सेल्फ ड्राइव्ह घेणार. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट असं जाऊ, तिथं देवबाग, वेंगुर्ला वगैरे धरून जाऊन-येऊन हजार किमी होतील, चार दिवस. तीन रेट आलेत, तेल सगळीकडे आपलंच. स्विफ्ट २२०० रोज, पेट्रोल एर्टिगा ३४००, डिझेल सोनेट ३६००. नवऱ्याचं एकच चाललंय, ॲव्हरेज बघ, स्विफ्टला कंपनी २४ च्या वर सांगते मग बाकी बघायचंच कशाला. मला बॅगांचं टेन्शन आहे. तेलाच्या खर्चात खरंच एवढा फरक पडतो का? सीएनजी एर्टिगा पण मिळतेय, ती घ्यावी का?

गिअर_पाचवा
ताई आधी ते २४ विसरा. तो एआरएआयचा, म्हणजे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा आकडा. म्हणजे लॅबमध्ये गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या चालीने पळवतात, स्पीड ९० च्या वर जातच नाही, एसी बंद, ना घाट ना पाच माणसं ना कात्रज-नवले पुलाचं ट्रॅफिक. दोन गाड्यांची तुलना करायला ठीक आहे, खर्च काढायला नाही. तुमच्या लोडला स्विफ्ट १७, पेट्रोल एर्टिगा १४, डिझेल सोनेट १८ धरा, थोडं कमीच धरलंय मुद्दाम.

आता पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ धरून हजार किमीचा हिशोब. स्विफ्टला तेल ६२०० आणि भाडं ८८००, झाले १५ हजार. एर्टिगाला तेल ७५०० आणि भाडं १३६००, म्हणजे २१ हजार शंभर. सोनेटला तेल ५०५० च्या आसपास, भाडं १४४००, टोटल साडेएकोणीस हजार. बघा ना, स्विफ्ट आणि एर्टिगात तेलाचा फरक तेराशे आणि भाड्याचा ४८००. दादांना सांगा भांडायचं तर भाड्यावर भांडा, ॲव्हरेजवर काय मिळणार. आणि किलोमीटर लिमिट किती दिलंय ते तुम्ही लिहिलंच नाही, खरी मेख तिथं असते.

डिझेलबाबा
सोनेट. डोळे झाकून सोनेट. पाच जण आणि बॅगा भरून येताना फोंडा चढायचाय, छोटं पेट्रोल इंजिन दुसऱ्या गिअरवर रडत चढतं आणि तेव्हा ते लिटरला किती देतं ते बघू पण नका. डिझेलला खालच्या आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरतानाच ताकद असते त्यामुळे लोड टाकला तरी ॲव्हरेज तेवढं पडत नाही. रिकाम्या गाडीत दोघंच जाणार असते तर मीच म्हणालो असतो स्विफ्ट घ्या.

घाटवाट
डिझेलबाबा तुम्ही लग्नाला पण डिझेल गाडीच सुचवता राव 😄 घाट सगळा मिळून किती, बाकी साडेतीनशे किमी हायवे आणि गावातलाच रस्ता आहे. तिथं ॲव्हरेज गाडीपेक्षा पायावर जास्त असतं. ८५-९० ला धरून चालवा आणि ११० ला चालवा, तीच गाडी लिटरला तीन-चार किमी कमी देते, वाऱ्याचा रेटा स्पीडच्या वर्गाने वाढतो. बॅगा मावत नाहीत म्हणून टपावर कॅरिअर लावाल तर हाच रेटा अजून वाढेल.

आणि भाड्याच्या गाडीची हवा स्वतः चेक करा, कोणी केलेली नसते. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यात फुल लोडचं प्रेशर वेगळं लिहिलेलं असतं, ते भरा. अजून एक, जाताना फोंडा उतरताना तेल वाचवायला न्यूट्रल करू नका, खूप जण करतात. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की आताची इंजेक्शनवाली इंजिनं तेल बंदच करतात, न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला जळत राहतं आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

मालवणी_खाजा
सीएनजीचं मी सांगतो. एर्टिगाचा सिलेंडर ६० लिटरचा, त्यात गॅस मावतो आठ-नऊ किलो, तो पण पंपावर प्रेशर चांगलं असेल तर. तुम्ही लोड करून घाटातून येणार म्हणजे दोनशे किमीला परत रांग. रांगेत सगळ्यांनी खाली उतरायचं, पोराला पण. आमच्याकडे सिंधुदुर्गात पंप पुण्यासारखे जागोजागी नाहीत. आणि डिकीत सिलेंडर, मागची सीट पाडली तरी बॅगा त्याच्यावर चढवायच्या. रोज ऑफिसला जायला बेस्ट, फिरायला नको. सुट्टीत गॅसच्या रांगेत उभं राहायचं तर सुरमई कधी खाणार?

धायरीकरीण
सगळ्यांचे आभार 🙏 विचारलं लगेच. स्विफ्टवाला रोज २०० किमी देतोय, पुढं १२ रुपये किमी. सोनेटवाला रोज ३००.

गिअर_पाचवा
झालं मग. स्विफ्टचं लिमिट ८००, तुमचे २०० जास्त, म्हणजे वर २४०० गेले. १५ ची गाडी १७४०० ला पडली, सोनेट साडेएकोणीसला, राहिला दोन हजारांचा फरक आणि बॅगा सरळ आत. घेताना टाकी फुल करून मागा, फुल करून परत द्या. "आहे तेवढं ठेवा" वाल्यांशी काट्यावरून वाद होतात, स्विफ्टची टाकी ३७ लिटरची, डिस्प्लेवरची एक दांडी म्हणजे चार-पाच लिटर, दांडी जायच्या बेतात असताना गाडी मिळाली तर भरून तुम्हीच देणार. आम्हाला एका ठिकाणी असंच पाचशे रुपये चिकटवले होते. काट्याचा आणि ओडोमीटरचा फोटो गाडी ताब्यात घेतानाच काढा, तो माणूस फ्रेममध्ये असेल तर उत्तम.

धायरीकरीण
सोनेट फायनल. आता नवरा म्हणतोय तिकडूनच गोव्यात जाऊन टाकी फुल करू, तिथं तेल स्वस्त 🤦‍♀️

मालवणी_खाजा
स्वस्त पेट्रोल हो, डिझेलमध्ये दोन-तीन रुपयांचाच फरक. चाळीस लिटर भरलं तर शंभर रुपये वाचतील, आणि मालवणातून गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला जाऊन यायला १४० किमी, त्यात आठ लिटर जळेल. दादांना म्हणावं गोव्यात दुसरं काही स्वस्त आणायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा 😂