मदत हवी आहे: हॉस्पिटल मराठीऐवजी हिंदीचा दुभाषी देतंय, काय करू?

वेलदोडा (सोमवार, रात्री ११.४०)
लवकर सांगा प्लीज, गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ आहे. आईंना हार्टच्या डॉक्टरांना दाखवायचंय. मागच्या वेळी दुभाषी मागितला तर हिंदीचा आला. आई प्रत्येक वाक्याला "हां जी, हां जी" म्हणत राहिल्या आणि घरी येऊन मला म्हणाल्या, सगळं समजलं. पंधरा दिवसांनी गोळ्यांची डबी भरायला घेतली तर बीपीच्या गोळ्या तशाच पडलेल्या. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली होती, आईंना वाटलं जुनी बंद करून ही घ्यायची. यावेळी मला सुट्टी नाही, नवरा परगावी. फोन केला तर तिथली बाई म्हणते, आमच्याकडे 'इंडियन' अशी नोंद आहे. मराठीच पाहिजे, कसा मिळवायचा? पैसे भरावे लागले तरी भरू.

बोरन्हाण
पैसे अजिबात भरू नका. १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टच्या टायटल सिक्सप्रमाणे फेडरल पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला दुभाषी द्यावाच लागतो. लेखी तक्रार टाका. माझ्या वडिलांच्या वेळी न्यू जर्सीत आम्ही तेच केलं.

गवती_चहा
त्या अमेरिकेत आहेत असं कुठे लिहिलंय? वेलदोडा, देश कुठला?

वेलदोडा
सॉरी, घाईत राहिलं. मेलबर्न. टार्नीटला राहतो.

गवती_चहा
हॉस्पिटल सरकारी की खासगी स्पेशालिस्ट? आईंचा व्हिसा कुठला? मेडिकेअर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड आलंय का?

वेलदोडा
व्हिसाचा काय संबंध? मला फक्त मराठी बोलणारं माणूस हवंय.

गवती_चहा
संबंध आहे म्हणून विचारलं. ८७० या आईवडिलांच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना मेडिकेअर नाही. खासगी डॉक्टरांना सरकार जो फुकट दुभाषी देतं, तो मेडिकेअरवाल्या पेशंटसाठी असतो. ते कळल्याशिवाय काय सांगणार?

वेलदोडा
१४३, आईवडिलांचा कायमचा व्हिसा, म्हणजे पीआर. चार महिने झाले येऊन. मेडिकेअर कार्ड आहे. हॉस्पिटल सरकारी.

घाटमाथा
१४३ मिळाला? कधी भरला होतात? आम्ही कितीतरी वर्षं रांगेत आहोत. व्हिसा फीच्या दुसऱ्या हप्त्याचे ४३,६०० डॉलर माणशी बाजूला ठेवलेत, त्यावर दहा वर्षांचं अ‍ॅशुरन्स ऑफ सपोर्ट, म्हणजे त्यांच्या खर्चाची हमी, वेगळं. बँक गॅरंटी कुणाच्या नावाने दिलीत ते जरा सांगा.

ओसरी
घाटमाथा, वेगळा धागा काढा ना. गुरुवार तोंडावर आलाय त्यांचा.

कृष्णाकाठ
मी याच कामात आहे, मराठीची दुभाषी. सरकारी हॉस्पिटलात दुभाष्याचा खर्च हॉस्पिटल करतं, तुम्ही एक डॉलरही द्यायचा नाही. उद्या सकाळी आधी स्विचबोर्डला फोन करा आणि थेट इंटरप्रिटर विभाग मागा. रिसेप्शनशी वाद घालत बसू नका, त्यांना स्क्रीनवरची नोंद बदलता येतेच असं नाही. अपॉइंटमेंटच्या पत्रावरचा यूआर नंबर, म्हणजे पेशंटचा हॉस्पिटलातला नंबर, हाताशी ठेवा. भाषा 'मराठी' अशी बदलून घ्या, स्पेलिंग एकेक अक्षर सांगा, आणि हिंदी चालणार नाही हे स्पष्ट लिहून घ्यायला लावा. बाई दुभाषीच हवी असेल तर तेही आत्ताच सांगा. प्रत्यक्ष माणूस नाही मिळाला तर फोनवर किंवा व्हिडिओवर मराठी मागा. तिथे बसलेल्या हिंदीवाल्यापेक्षा फोनवरचा मराठी कधीही बरा.

सडा_सारवण
एवढा खटाटोप कशाला? अर्धा दिवस रजा टाका आणि स्वतः जा. रक्ताच्या माणसाला जी काळजी असते ती परक्याला कुठून येणार? मी माझ्या आईचं सगळं स्वतः केलं.

कृष्णाकाठ
काळजी असते, मान्य. पण घरचं माणूस मध्ये बसलं की पेशंट बोलतच नाही. लघवी कपड्यात होते हे सासू सुनेसमोर सांगत नाही. "आजार पसरलाय" हे वाक्य मुलगा आईला सांगूच शकत नाही, तो "थोडं वाढलंय" म्हणतो. मी हे खोलीत बसून पाहिलेलं आहे. बरोबर जरूर जा, पण बोलू दुभाष्याला द्या. त्याला ऐकलेलं सगळं सांगावं लागतं आणि बाहेर काही बोलता येत नाही.

सडा_सारवण
आणि तो दुभाषी आपल्याच मंडळातला निघाला तर? मेलबर्नमध्ये मराठी माणसं ती किती. गणपतीत समोरासमोर उभे राहणार.

कृष्णाकाठ
हा प्रश्न बरोबर आहे. ओळखीचं निघालं तर मी स्वतःच सांगून बाजूला होते. तुम्हालाही नकार देता येतो. अशा वेळी दुसऱ्या राज्यातला फोनवरचा दुभाषी मागावा, आणि नाव सांगू नका म्हणावं.

रानजाई
हिंदी येतंच की सगळ्यांना. सिनेमे, मालिका बघतातच ना त्या? इतकं काय अडतं?

वेलदोडा
रानजाई, आई फलटणजवळच्या खेड्यातल्या. टीव्हीवरची हिंदी समजते, स्वतःचं दुखणं त्या भाषेत सांगता येत नाही. मागच्या वेळी त्या म्हणाल्या, "छातीत कळ येते." दुभाष्याने "कल" ऐकलं आणि विचारलं, कल आती है या आज भी? आई गप्प झाल्या. मग घेरी येते म्हणाल्या, तेही त्याला कळलं नाही. हे मला परवा कळलं, शेजारच्या काकूंना सांगत होत्या तेव्हा.

ओसरी
बाप रे. "कळ" हाच तर डॉक्टरांना हवा असलेला शब्द होता.

तांबडी_माती
नाटीची, म्हणजे दुभाष्यांना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची, सीसीएल ही भाषेची परीक्षा द्या ना. मी मराठीत दिली, दोन संवाद असतात, ९० पैकी ६३ लागतात आणि प्रत्येकात ४५ पैकी किमान २९. पीआरला ५ गुण मिळतात आणि मग घरच्यांसाठी तुम्हीच दुभाषी. सरावाला कोणी असेल तर व्यनि करा, मी शिकवतो.

कृष्णाकाठ
सीसीएल पास झाल्याने दुभाषी होत नाही, कृपा करून असं सांगू नका. ती फक्त गुणांसाठी आहे. दुभाष्याचं सर्टिफिकेशन वेगळं, त्यात वैद्यकीय शब्द आणि आचारसंहिता दोन्ही येतं.

अर्धाकप
मूळ उपाय सांगू? त्यांना इंग्रजीच्या वर्गाला घाला. एएमईपी, म्हणजे सरकारचे इंग्रजी वर्ग, पीआरवाल्यांना फुकट आहे, ५१० तासांची मर्यादाही २०२१ मध्ये उठवली. सरकार इतकं देतंय तर घ्यावं, किती दिवस दुसऱ्याच्या तोंडाने बोलणार?

गवती_चहा
माझी आई जाते त्या वर्गाला, आठवड्यातून दोनदा. आता बसवाल्याशी बोलते, शेजारणीला लिंबं देऊन येते. वेलदोडा, नाव जरूर घाला, पण पुढच्या महिन्यात. परवासाठी मात्र कृष्णाकाठ म्हणतात तेच करा. आणि केमिस्टकडेही टिस नॅशनल, म्हणजे सरकारची फोनवरची दुभाषी सेवा, चालते हे लक्षात असू द्या. नंबर १३१ ४५०, दिवसरात्र चालू. केमिस्टने नोंदणी केली असेल तर त्याला ती फुकट आहे. त्यालाच सांगा की फोनवर मराठी माणूस घेऊन आईंना गोळ्या समजावून दे. आणि गोळ्या वेबस्टर पॅकमध्ये भरून मागा, म्हणजे वार आणि वेळेचे कप्पे आयते मिळतील.

वेलदोडा
हे कुणीच सांगितलं नव्हतं. चार महिने मी दर पंधरा दिवसांनी डबी भरतेय.

बोरन्हाण
ऑस्ट्रेलियात तक्रारीचा कायदा नाही का? मी असतो तर आधी तक्रार टाकली असती.

कृष्णाकाठ
तक्रारीला हॉस्पिटलात पेशंट लायझन असतो आणि गोळ्यांचं झालं ते त्यांना कळायलाच हवं. पण गुरुवारनंतर. वेलदोडा, एक आणखी. डॉक्टरांना शेवटी एवढंच विचारायला सांगा, "आता तुम्ही कुठली गोळी कधी घेणार ते मला सांगा." मग आई नुसत्या मान हलवून सुटणार नाहीत.

वेलदोडा (मंगळवार, संध्याकाळी ६.१५)
इंटरप्रिटर विभागाशी बोलले. तीन वेळा फोन फिरवला, पण मिळाला. नोंद बदलली, मला वाचून दाखवली: मराठी, बाई, हिंदी नको. प्रत्यक्ष कोणी मोकळं नाही, व्हिडिओवर मिळेल म्हणाल्या. सोबत शेजारच्या काकू जाणार आहेत, त्या फक्त बसतील. जेवणानंतर आईंनी कालनिर्णयच्या मागे यादी केलीय. कळ, कधी येते. घेरी, उठताना. धाप, जिना. चौथी ओळ लिहून खोडलीय आणि मला विचारू नको म्हणाल्या. म्हटलं, खोडू नका, तिथे मी नसणार. त्यांनी परत लिहिली.

कृष्णाकाठ
ती यादी बरोबर द्या, डब्याच्या पिशवीत नको, पर्समध्ये. गुरुवारी काय झालं ते कळवा.