गावाकडे बालरोगतज्ज्ञ टिकत का नाहीत? आम्ही काही करू शकतो का?

घोडबंदरवाला: मी ठाण्यात राहतो, गाव जिल्ह्यातच, घाटाच्या बाजूला. मागच्या महिन्यात चुलतभावाचं बाळ झालं, १ किलो ७०० ग्रॅम, तिथल्या सरकारी दवाखान्यात बाळाला ऊब देणारा वॉर्मर होता पण बाळाचा डॉक्टर नव्हता, आधीचे मॅडम आठ महिन्यांत गेल्या म्हणे. १०८ बोलवून ठाण्याला आणलं, कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये वहिनी बाळ छातीशी धरून बसलेली. बाळ आता बरंय. पण माझ्या सोसायटीच्या गेटपासून चालत चार बालरोगतज्ज्ञ आहेत राव. गावातले लोक वर्गणी काढून डॉक्टरला पगारावर वरून पैसे द्यायला तयार आहेत, तर कोणी येईल का?

पेड्स_ऐरोली: पैसे शेवटचं कारण आहे हो. मी पीजीनंतर एक वर्ष बॉण्ड, म्हणजे सरकारी दवाखान्यातली सक्तीची सेवा, केलाय, मोडला तर ५० लाख भरावे लागतात म्हणून गेलो, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या महिन्यात आवडलं होतं. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, बालरोगतज्ज्ञ मी एकटा, म्हणजे ऑन कॉल रोजच. सिझेरियन रात्री दोनला असलं तरी बाळ घ्यायला मीच जायचं आणि सकाळी ओपीडीत परत मीच. सुट्टी टाकली की फोन, बाळ रडलं नाही सर काय करू. वर्ष संपलं त्या दिवशी बॅग भरली. दुसरा पेड्सवाला असता तर कदाचित राहिलो असतो.

आसनगाव_लोकल: आमच्या शहापूरचं पाणी मुंबईला आणि आजारी बाळं पण मुंबईला 😑 बाकी एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियान) 'यू कोट वुई पे' असतं ना, डॉक्टरनेच रक्कम सांगायची? मग जागा रिकाम्या कशा?

पेड्स_ऐरोली: असतं, पण ते कंत्राटी. आणि रक्कम सांगून नवरा-बायको दोघांना नोकरी, पोरांना शाळा कुठून मिळणार?

सिस्टर_नेरूळ: माझी २२ वर्षं ड्युटी, त्यातली ९ गावात. डॉक्टरांचंच सगळे बोलतात, सिस्टरचं कोणी नाही. नवजात विभागात ट्रेनिंग झालेली सिस्टर असली तर रात्री अर्धे फोन कमी होतात, बाळ गार पडलंय की फक्त भुकेलंय हे तिला हात लावून कळतं. पण ट्रेनिंग झालं की तिचीच बदली होते, मग नवीन पोरगी, परत पहिल्यापासून. आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन बाळाचं वजन-ताप बघते, तिच्या काट्यात सेल आहेत का ते पण बघा. गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावातल्याच बायकांना शिकवून बाळं वाचवली, तिथे पण दारात स्पेशालिस्ट नव्हताच. डॉक्टर नको असं नाही म्हणत हां, पण तो आल्यावर त्याला एकटं पाडू नका.

आणि क्वार्टर! आमच्या मॅडमच्या क्वार्टरमध्ये जूनमध्ये भिंतीतून पाणी यायचं, मच्छरदाणीवर ताडपत्री टाकून झोपायच्या.

घोडबंदरवाला: हे डोक्यातच नव्हतं. भावाला आत्ता फोन केला, तो म्हणतो गेलेल्या मॅडम रोज कल्याणहून एसटीने यायच्या, क्वार्टर होतं पण त्यात सलाईनचे खोके आणि जुनी कपाटं भरलीयेत. म्हणजे राहायच्या कुठे त्या. रविवारी जातोय गावी, खोके कोणाला विचारून हलवायचे ते आधी बघतो. वर्गणी त्या भिंतींनाच लागेल बहुतेक. सिस्टर, काट्यात कुठले सेल लागतात?

सिस्टर_नेरूळ: काटा बघूनच घ्या, वेगवेगळे येतात. आणि जास्तीचे घ्या.